डिस्कवर छापणारा स्वस्त प्रिंटर कसा निवडावा

लग्नाचे व्हिडिओ हल्ली पेनड्राइव्हवर जातात, हे खरं. तरी एमआरआयची सीडी, कोर्टात द्यायचं रेकॉर्डिंग, भजनी मंडळाची गाणी, नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाची डीव्हीडी ही कामं अजून येतात, आणि मार्करने नाव खरडलेली डिस्क गिऱ्हाइकाच्या हातात देणं बरं दिसत नाही. प्रिंटर घ्यायला दुकानात गेलात की विक्रेता आधी डीपीआय (एका इंचात किती ठिपके छापतो) सांगतो. तो आकडा सोडून द्या. ५७६० असो की ४८००, डिस्कच्या पांढऱ्या थरावर फरक डोळ्याला कळत नाही. या कामात पैसे बुडतात ते डिस्क धरून आत नेणाऱ्या ट्रेपायी आणि शाईपायी.

आधी डिस्क ठरवा

पाकिटावर ‘इंकजेट प्रिंटेबल’ असं छापलेलं असलं पाहिजे. साध्या चंदेरी डिस्कवर शाई वाळतच नाही, बोट लावलं की निघते. थर्मल प्रिंटरसाठीच्या पांढऱ्या डिस्कही बाजारात असतात, त्या दिसायला अगदी सारख्या आणि आपल्या कामाला निरुपयोगी. सुट्या डिस्क विकणारा ‘प्रिंटेबलच आहे’ म्हणत असेल तर एक विकत घेऊन ओलं बोट पांढऱ्या बाजूला टेकवा. शाई शोषणारा थर किंचित चिकट लागतो. चकचकीत थराच्या डिस्कवर ही परीक्षा खात्रीची नाही, तिथे पाकीटच बघा.

पट्टीने दोन मापं घ्या. डिस्क १२० मिलिमीटरची असते आणि पांढरा थर बाहेरून साधारण ११८ पर्यंत जातो. आतून मात्र दोन प्रकार: काहींचा थर ४६ मिलिमीटरच्या आसपास थांबतो, काहींचा मधल्या भोकाजवळ, २२-२३ पर्यंत येतो. दुसऱ्या प्रकाराच्याच घ्या. किमतीत थोडाच फरक असतो आणि मधलं पारदर्शक कडं झाकलं गेल्याने डिस्क दुकानातल्यासारखी दिसते. मोझर बेअर ही आपल्याकडची मोठी कंपनी २०१८ मध्ये अवसायनात (बंद करण्याच्या प्रक्रियेत) गेली. त्या नावाचा स्पिंडल (दांड्यावर रचलेल्या डिस्कचा गठ्ठा) स्वस्तात मिळाला तर तो जुना साठा असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा दोन-तीन डिस्क बर्न करून बघितल्याशिवाय शंभरचा घेऊ नका.

‘प्रिंटर कशाला, स्टिकर लावा’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन थरांची असते. एका बाजूला कागद चिकटवला की ती उष्णतेने किंचित वाकते, स्टिकर जरा बाजूला बसला की तोल जातो, आणि वर्षभराने कडा सुटली तर गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हमध्ये अडकते.

ट्रे नसेल तर तो प्रिंटर नाहीच

डिस्क वाकत नाही, म्हणून तिला प्रिंटरमधून सरळ रेषेत जायला वाट लागते. बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये कागद वळून जातो, त्यामुळे एप्सन एल १३० किंवा एल ३२५० सारखी लोकप्रिय मशिनं इथे बाद. त्यांना जुगाड करून ट्रे बसवून देणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका, शाई सोडणारं हेड डिस्कला घासून जातं आणि हेडची किंमत जुन्या प्रिंटरच्या किमतीच्या आसपास पोचते.

आपल्याकडे परवडणारा पर्याय म्हणजे एप्सनची सहा रंगांची इंकटँक (बाटलीतून शाई भरायच्या टाक्यांची) मालिका: एल ८००, एल ८०५, एल ८५० आणि आता त्यांच्या जागी आलेला एल ८०५०. एल ८०० फक्त यूएसबीवर चालतो, एल ८०५ ला वायफाय आहे, एल ८५० ला वर स्कॅनर. डिस्कच्या छपाईत या तिघांत फरक नाही, म्हणून जास्तीचे पैसे वायफाय किंवा स्कॅनर खरोखर लागणार असेल तरच द्या. कॅननच्या पिक्समा मालिकेतही डिस्क छापणारी मॉडेल आहेत, पण ती टाक्यांवर नाही, कार्ट्रिजवर (शाईच्या बदलायच्या डब्यांवर) चालतात. शिवाय कॅननची काही मॉडेल अमेरिकेत डिस्कच्या सोयीशिवाय विकली गेली, इतरत्र मात्र सोयीसकट. तिकडच्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर मॉडेलचं नाव जुळलं एवढ्यावर भुलू नका, डिस्क ट्रेचा उल्लेख शोधा.

हिशेब सोपा आहे. काठापासून भोकाजवळपर्यंत भरून छापलेल्या डिस्कचं क्षेत्रफळ सुमारे १०५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाच्या एक षष्ठांश. त्यामुळे शाईचा खर्च डिस्कमागे फारसा होत नाही. शाई खरी संपते ती पडून राहिलेल्या प्रिंटरचं हेड साफ करण्यात. आठवड्यातून एकदाही काही छापणार नसाल तर इंकटँक घेऊच नका. गावातल्या ज्या स्टुडिओत किंवा महा ई-सेवा केंद्रात पीव्हीसी (प्लास्टिकची) कार्डं छापतात, तिथे बहुधा हाच एल ८०५ असतो. त्यांच्याकडून छापून घ्या.

जुना घेताना

एल ८०५ सेकंडहँड भरपूर मिळतात, आणि स्वस्तात हवा असेल तर तोच रस्ता. पण त्यातले कितीतरी दोनच कामांतून आलेले असतात: कप आणि टीशर्टवर छापायची सब्लिमेशनची शाई, नाहीतर पीव्हीसी कार्डं. सब्लिमेशनवाला घेऊ नका. ती शाई उष्णता मिळाल्याशिवाय खुलत नाही, डिस्कवर मळकट आणि फिकी राहते. टाक्या रिकाम्या करून भागत नाही. नळ्यांमध्ये आणि हेडजवळच्या डॅम्पर नावाच्या छोट्या कप्प्यांमध्ये ती उरलेली असते, सगळं धुऊन काढावं लागतं. ओळखायचं कसं? साध्या कागदावर फोटो छापून बघा. काळा रंग करडा दिसला आणि लाल विटकरी दिसला तर विक्रेत्याला सरळ विचारा.

नोझल चेक (हेडच्या बारीक छिद्रांची छापील चाचणी) तुमच्यासमोर काढून घ्या. काळ्या, निळ्या रेघा सगळेच बघतात. तुम्ही फिका निळा आणि फिका गुलाबी बघा. त्यातल्या तुटक रेघा पिवळ्या बल्बखाली दिसत नाहीत, कागद दारात उजेडात न्या. हेच दोन रंग चेहऱ्यावर आणि आभाळावर पट्टे पाडतात. एकदा क्लीनिंग करूनही तीच रेघ तुटकी राहिली तर किंमत पाडू नका, निघून या.

वेस्ट पॅड रीसेट केलाय की बदललाय, हेही विचारा. क्लीनिंगची शाई खाली एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते आणि तो भरला की प्रिंटर बंद पडतो. सॉफ्टवेअरने काउंटर शून्य करता येतो, पॅड काही त्याने रिकामा होत नाही. प्रिंटर उचलून खालचा टेबल बघा. शाईचे डाग असतील तर उत्तर मिळालं.

ट्रेची परीक्षा, पैसे देण्याआधी

इथे घाई केली की पुढे प्रत्येक डिस्कवर नाव एका बाजूला सरकलेलं येतं आणि माणूस सेटिंगला दोष देत बसतो.

आधी डिस्कचा ट्रे आहे का ते बघा. कार्डांसाठी वापरलेल्या मशिनबरोबर बहुधा फक्त कार्डाचा ट्रे देतात. ‘डिस्कचा ऑनलाइन मिळेल’ म्हणतात. मिळतो, पण पातळ प्लास्टिकचा कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीचा) ट्रे आणि मूळ ट्रे यांत फरक असतो. ट्रे टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबा. एखादा कोपरा डुलला तर तो ट्रे वाकलेला आहे, आणि तो हेडला लागणार. मधला दट्ट्या डिस्कच्या भोकात घट्ट बसला पाहिजे. डिस्क बोटाने फिरवली तर फिरेल, बाजूला सरकता कामा नये. प्रिंटर ट्रेची जागा त्यावरच्या खुणा वाचून ठरवतो. कॅननच्या ट्रेवर यासाठी परावर्तक पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर बोटांचे ठसे किंवा ओरखडे आले की छपाई सरकते. कॅननच्या ट्रेवर एक इंग्रजी अक्षरही असतं, ‘J’ वगैरे. दुसऱ्या अक्षराचा ट्रे आत गेला तरी तो चालणार नाही.

प्रिंटर चालू करून हालचाल पूर्ण थांबू द्या. मगच पुढचा भाग डिस्कच्या स्थितीत आणा आणि ट्रे दोन्ही बाजूंच्या खुणा जुळेपर्यंत हलकेच सरकवा. पुढे ढकलू नका, बाकीचं रोलर ओढून घेतो. मागे वीतभर मोकळी जागा हवी, कारण छापताना ट्रे मागे जातो. भिंतीला टेकवलेल्या प्रिंटरमध्ये तो अडून सरकतो, आणि ‘ट्रे खराब आहे’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात.

ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) कागदाचा प्रकार सीडी-डीव्हीडी निवडलाच पाहिजे. तो साधा कागद राहिला तर हेड डिस्कच्या जाडीला पुरेसं वर ठेवलं जात नाही.

आता चाचणी. ११० मिलिमीटर व्यासाचं बारीक रेघेचं वर्तुळ काढा आणि खराब बर्न झालेल्या प्रिंटेबल डिस्कवर काळ्या रंगात छापा. ट्रे बाहेर आला की डिस्कला हात न लावता ट्रे पुन्हा आत द्या आणि तेच वर्तुळ लाल रंगात छापा. दोन्ही एकावर एक बसली तर मशिन चांगलं. लाल रेघ काळीपासून वेगळी दिसली तर ट्रे दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय: रोलर गुळगुळीत झालेत किंवा ट्रे झिजलाय. रोलर ओल्या फडक्याने पुसून एकदा आणखी बघा. तरीही तसंच आलं तर तो घेऊ नका. दर वेळी वेगळी चूक असेल तर ती कोणत्याही सेटिंगने जात नाही.

दोन्ही वर्तुळं एकावर एक आहेत पण केंद्रात नाहीत, असं असेल तर मजेत घ्या, हे दुरुस्त होतं. १२० च्या डिस्कवर ११० चं वर्तुळ म्हणजे काठापासून सगळीकडे ५ मिलिमीटर अंतर यायला हवं. डावीकडे ५.५ आणि उजवीकडे ४.५ आलं, तर फरक १, त्याच्या निम्मं ०.५ चित्र डावीकडे सरकवा. पुष्कळजण पूर्ण फरक घालतात आणि चित्र दुसऱ्या बाजूला जातं. वर-खालीही तसंच. एल ८००-८०५ साठी एप्सन प्रिंट सीडी या सॉफ्टवेअरमध्ये छपाईची जागा जुळवायची सोय आहे. एल ८०५० साठी एप्सन फोटो प्लस वापरतात.

शाई

डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. या एप्सन मशिनांची मूळ शाई तीच आहे, एल ८०५ ला ६७३ आणि एल ८०५० ला ०५७ क्रमांकाची, ७० मिलिलिटरच्या बाटल्यांत. ‘पाण्याने जात नाही’ म्हणून पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई भरणारे आहेत, पण पिगमेंट थराच्या वरच राहतो आणि चकचकीत डिस्कवर नख लागलं की खरवडला जातो. डाय पाण्याने फुटते, म्हणून ओल्या हातांचं काम असेल तिथे पाणी न धरणाऱ्या चकचकीत थराची डिस्क घ्या. स्वस्त लोकल शाई सुरुवातीला चालते. नंतर रंग बदलतात आणि फिक्या रंगांचे नोझल आधी बंद होतात.

घरी आणल्यावर

सॉफ्टवेअरमध्ये छपाईचा बाहेरचा व्यास ११७ मिलिमीटर, आतला तुमच्या मापापेक्षा एक मिलिमीटर जास्त ठेवा. काठाबाहेर पडलेली शाई ट्रेवर साचते आणि पुढच्या डिस्कच्या वाचायच्या बाजूला लागते, म्हणून चार-पाच डिस्कनंतर ट्रे पुसा. आधी बर्न, मग छपाई. उलट केलं तर हाताळताना ओला रंग फासतो. गडद पार्श्वभूमीत शाई थबथबली तर ड्रायव्हरमधली गडदता थोडी खाली आणा. छापलेल्या डिस्क एकमेकींवर न ठेवता, उन्हापासून दूर, २४ तास सुकू द्या, त्यानंतरच पाकिटात घाला किंवा ड्राइव्हमध्ये टाका.