उन्हाळी परीक्षेनंतर नागपुरात थांबणाऱ्यांनी परिसर कसा पाहावा

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आटोपल्या की गणेशपेठेच्या बसस्थानकावर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे निघालेली मुले पेट्या आणि वळकट्या घेऊन गाडीची वाट पाहताना दिसतात, आणि पाठोपाठ वसतिगृहांजवळच्या मेसही बंद होऊ लागतात. तरीही प्रकल्पासाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी बरेच जण मागे राहतात. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. मे महिन्यातील नागपूर खोलीत कोंडून घेऊन काढण्यासारखे मुळीच नाही. मात्र ते पाहायचे असेल तर दिवसाची दोन टोके धरावी लागतात आणि मधला भाग सोडून द्यावा लागतो.

यामागील कारण सोपे आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात उन्हाळ्यातील वारा कोरडा असतो, ढग क्वचितच येतात, त्यामुळे दुपारी तीनच्या आसपास पारा सहज ४५ अंशांच्या घरात जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर पोचला होता. सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या थोडे आधी असते आणि मे महिन्यात येथे साडेपाचनंतर लगेच उजाडते. म्हणून पाच वाजता उठून उजाडताच बाहेर पडावे. सोबत पाण्याची बाटली आणि कान व मान झाकेल असा सुती दुपट्टा घ्यावा. येथे मुलगे-मुली दोघेही तो बांधतात. खिशात कांदा ठेवण्याची जुनी रीत कोणी पाळत असेल तर पाळावी, परंतु त्याच्या भरवशावर पाणी विसरू नये.

पहिल्या फेरीसाठी लॉ कॉलेज चौकातून अमरावती मार्गाने रविनगर, विद्यापीठाचा परिसर आणि पुढे फुटाळा तलाव ही वाट मला सर्वांत आवडते. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आसपास जुनी झाडे टिकून आहेत. वाटेत गुलमोहर सहज दिसतो, पण शोधावा तो बहावा. त्याची पाने बहुतेक गळून गेलेली असतात आणि पिवळे घोस थेट फांदीवरून लोंबतात; सकाळच्या तिरप्या प्रकाशात तो पाहिला नसेल तर उन्हाळा अर्धाच पाहिला असे मी म्हणेन. भोसलेकालीन फुटाळ्याचे पाणी या दिवसांत खाली गेलेले असते आणि उघड्या पडलेल्या काठावर बगळे उतरतात. तेथे अर्धा तास शांत बसावे आणि आठच्या आत परत फिरावे.

परतताना गोकुळपेठेच्या बाजारातून यावे. टेंभरे, खिरण्या आणि रसाचे गावरान आंबे या दिवसांत मिळतात, आणि विकणाऱ्या बाईंना नावे विचारली तर त्या आपुलकीने सांगतात. संत्री मात्र मागू नयेत. बाहेरून आलेला विद्यार्थी नागपुरात येऊन मे महिन्यात संत्री शोधतो आणि हिरमुसतो; मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आंबिया बहाराची दिवाळीच्या सुमारास येतात. तर्री पोहे खायचे असतील तर याच वेळी खावेत.

अकरा ते पाच घरात राहावे. या वेळात खरा सोबती कूलर असतो आणि तो नीट चालवणे ही येथे शिकून घेण्याची विद्या आहे. ताट्यांतील, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेल्या गवताच्या पडद्यांतील, पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते, म्हणून कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि खोलीतील दमट हवेला निघून जायला वाट हवी. खोली बंद करून तो चालवला तर तासाभरात अंग चिकचिकू लागते. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. टाकीत पाणी भरताना किंवा पंपाला हात लावताना प्लग काढलाच पाहिजे. यात आळस करू नये, कारण ओल्या लोखंडी पेटीत उतरलेला करंट जीव घेतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी, म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास होत नाही.

दुपारी बाहेर जावेच लागले तर सोमवार सोडून अजब बंगला गाठावा. १८६३ साली सुरू झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात गर्दी कमी असते. वाटेत चौकांत सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळ्या, ओले कापड गुंडाळलेल्या रांजणांच्या पाणपोया आणि घुंगरांच्या आवाजातली रसवंती दिसते. सोबत्याला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले किंवा अंग तापले तर त्याला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उन्हात मुद्दाम उभे राहण्याजोगा प्रसंग एकच आहे. २६ मेच्या सुमारास, म्हणजे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो तेव्हाच, सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. गच्चीच्या सपाट भागावर स्टीलचा पेला सरळ उभा ठेवावा. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास त्याची सावली बुडाखाली नाहीशी होते. पाच मिनिटे पाहून लगेच खाली उतरावे.

त्याच गच्चीवर सकाळी घरमालकीण काकू कुरड्या आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या शेवया) वाळत घालत असतील तर हात लावावा. शेजार असाच जुळतो. संध्याकाळी सातनंतर रस्ते निवतात. तेव्हा धरमपेठेतील ट्रॅफिक पार्ककडे किंवा अंबाझरी तलावाकडे फिरावे, आणि पुढच्या वर्षासाठी खोली हवी असेल तर वाटेत दिसणाऱ्या ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाट्या टिपून ठेवाव्यात. खोली पाहायला मात्र दुपारी तीनला जावे. वरच्या मजल्याचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत किती तापते, खिडकीत कूलर बसतो का आणि नळाला पाणी आहे का, हे त्या एका भेटीत कळते.

जूनमध्ये मृग लागून हवा दमट झाली की कूलरचा गारवा कमी होतो. त्या आठवड्यात ताट्या काढून उन्हात सुकवाव्यात, टाकी कोरडी पुसावी आणि प्लग गुंडाळून ठेवावा.