पहिलं चित्र विकत घेण्याआधी

चित्रं जमवायची हौस लागली की आधी पैशांचा विचार येतो. तो नंतर करता येतो. आपल्याला नेमकं काय आवडतं हे आधी कळलं पाहिजे, आणि ते कुणाला विचारून कळत नाही. माझं सोलापुरात, नव्या पेठेत चादरींचं दुकान आहे. चित्रकला मी शिकलेले नाही. पण घरातल्या दोन भिंती हळूहळू भरल्यात, आणि त्यावरचं एकेक चित्र मी अजून रोज बघते.

सुरुवातीचं निदान वर्षभर काही घेऊ नका, नुसतं बघा. सोबत एक वही ठेवा. जे चित्र पाय अडवेल त्याबद्दल तिथेच उभं राहून तीन-चार ओळी लिहा. एकच अट: ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ हे शब्द वापरायचे नाहीत. नजर आधी कुठे गेली, मग कुठे वळली, कुठला रंग डोळ्यांत राहिला, कुठे कंटाळा आला, एवढंच लिहायचं. न आवडलेल्या चित्रांबद्दलही लिहा. त्यातून जास्त कळतं. काही महिन्यांनी वही सलग वाचा. तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसेल. माझ्या वहीत सारखी ‘मोकळी जागा’ येत होती. दिवसभर जेकार्डच्या, म्हणजे मागावर विणलेल्या, भरगच्च नक्षीत वावरणाऱ्या बाईला रिकामा कागद ओढतो, हे मला वही वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं.

बघायचं कुठे? गावातच सुरुवात करा. चित्रकला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. तिथे मुलं स्वतः शेजारी उभी असतात आणि विचारलं की मनापासून सांगतात. आपल्या पद्मशाली विणकरांची वॉल हँगिंग्जही चित्र म्हणून बघा. चेहरा विणताना उभ्या-आडव्या धाग्यांत गालाची गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीच आणावी लागते. जवळून त्या पायऱ्या मोजता येतात, दहा पावलं मागे गेलं की चेहरा होतो. हे जवळ जाणं आणि मागे येणं अंगात भिनलं की तैलचित्रही तसंच बघता येतं.

मग मुंबई गाठा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथून काळा घोडा हा कलादालनांचा भाग चालत जाण्याइतका जवळ. 1952 पासूनच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट आहे, आणि प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात. समोरच्याच बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातलं औंध. तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांच्या 1938 च्या संग्रहालयात रविवर्मा आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं दगडी शिल्पही. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट नको. पाच-सहा चित्रांपुढे नीट थांबलात तरी फेरी वसूल.

मोठ्या नावांचं दडपण घेऊ नका. चित्रकार एम. एफ. हुसेन 1915 साली आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले, याचा मलाही अभिमान आहे. पण म्हणून त्यांचे घोडे आवडलेच पाहिजेत असं नाही. मला चित्रकार प्रभाकर बरवे ओढतात. एखादं पान, एखादं फळ, आणि भोवती भरपूर अवकाश. साठच्या दशकात ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते हे मला फार उशिरा कळलं. आवड त्याआधीच जडली होती, आणि तोच क्रम बरा.

घ्यायची वेळ आली की कागदावरच्या कामापासून सुरुवात करा: जलरंग, रेखाटन, किंवा लिनोकट, एचिंग यांसारखी छापचित्रं, म्हणजे चित्रकाराने लिनोलियमवर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून त्यावरून कागदावर काढलेले छाप. कॅनव्हासपेक्षा हे बहुधा आवाक्यात असतं. छापचित्र असेल तर खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा बघा. 3/25 म्हणजे पंचवीस प्रतींतली तिसरी. शेजारी चित्रकाराची सही हवी. मूळ चित्राचा फोटो काढून मशीनवर छापलेली प्रत ही वेगळी वस्तू, तिला छापचित्राचा भाव देऊ नका. पसंत पडलं तरी त्याच दिवशी पैसे देऊ नका. घरी जा, दोन रात्री जाऊ द्या, मग आठवणीतून ते चित्र वहीत काढून बघा. जे आठवेल तेच तुम्हाला आवडलेलं आहे. आणि विद्यार्थ्याशी घासाघीस करू नका. परवडत नसेल तर हप्त्याने देऊ का, असं सरळ विचारा.

माझं पहिलं चित्र म्हणजे वीतभर जलरंग. गिरणीचं धुराडं, खाली पत्र्यांच्या छपरांची रांग. धूर रंगवलेलाच नाही. धुराड्याच्या तोंडाशी राखाडीची एक ओली कड सोडली आहे आणि पुढे कोरा कागद. बाकीचा धूर आपणच बघतो. मी ते कशासाठी घेतलं, हे वहीत आधीच लिहिलेलं होतं.

फ्रेम करताना कंजुषी नको. कागद काचेला चिकटता कामा नये, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा आणि तोही आम्लरहित. नाहीतर कडा पिवळ्या पडतात. आपल्याकडे पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तापलेली असते. जलरंग तिथे लावू नका, खिडकीसमोर तर नाहीच. पावसाळ्यानंतर फ्रेम उतरवून मागे कसर किंवा वाळवी लागली नाही ना ते बघा. मागच्या पुठ्ठ्यावर चित्रकाराचं नाव, वर्ष आणि माध्यम पेन्सिलीने लिहा, आणि पावतीची झेरॉक्स तिथेच पाकिटात घालून चिकटवा.