कमी बर्फाच्या उन्हाळ्यात गूते घळ ओलांडताना

आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराच्या गूते या चढाईमार्गावर, ३,१६७ मीटर उंचीवरील तेत रूस निवारा सोडल्यावर जी तीव्र उताराची घळ ओलांडावी लागते, तिच्यातील सुटे दगड बर्फानेच धरून ठेवलेले असतात. त्यामुळे बर्फ कमी असलेल्या उन्हाळ्यात ती अधिक घातक होते. खडकांच्या भेगांतला बर्फ वितळला की दगड सुटतात, म्हणून रात्री तापमान शून्याखाली गेल्याची खात्री करूनच सकाळी लवकर निघावे. हेल्मेट घालून, वर लक्ष ठेवायला एका सोबत्याला काठावर उभे करून, एकेकाने न थांबता पलीकडे जावे. परतीचेही गणित आधीच मांडावे, कारण दुपारी धोका फार वाढतो. २०२२ च्या उन्हाळ्यात दगडांच्या माऱ्यामुळे तिथले निवारे बंद ठेवले होते; अशा वर्षी बेत सोडणेच मला योग्य वाटते.