मॅजिक लँटर्न टाकलं आणि कॅमेरा चालूच होईना: दुरुस्तीच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

कॅमेरा रिपेरिंगच्या दुकानात बसायला लागलात की हे गिऱ्हाईक तुमच्याकडे येणारच. हातात कॅननचा ५५०डी नाहीतर ६००डी, आणि तोंडी ठरलेलं वाक्य: "दादा, काल रात्रीपर्यंत मस्त चालत होता, आता खटका दाबला तरी ढिम्म." जरा खोदून विचारलं की कळतं, शॉर्टफिल्मसाठी कुणीतरी मॅजिक लँटर्न, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यात जादा सोयी देणारं बाहेरचं सॉफ्टवेअर, टाकून दिलं होतं. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा उठून दाखवणं) हवं होतं, झेब्रा (जादा उजळ भागावर पट्टे दाखवणं) हवा होता, टाइमलॅप्स करायचा होता. आता त्याची खात्री झालेली असते की फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर) उडालं, बोर्ड गेला. तुम्हीही लगेच मान डोलवू नका. अशा बहुतेक कॅमेऱ्यांना स्क्रूड्रायव्हर लागतच नाही. घोळ मेमरी कार्डात असतो.

तो कसा होतो हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन यांनी ५डी मार्क टूसाठी मॅजिक लँटर्न सुरू केलं. ते कॅननचं मूळ फर्मवेअर पुसत नाही. दर वेळी कार्डावरून मेमरीत चढतं आणि मूळ फर्मवेअरच्या सोबतीने चालतं. कॅमेऱ्याच्या आत कायमचा बदल एकच होतो, तो म्हणजे बूट फ्लॅग चालू होतो. त्याचा अर्थ असा, की कार्ड बूटेबल (ज्यावरून कॅमेरा सुरू व्हावा असं) दिसलं तर त्यावरची 'ऑटोएक्झेक डॉट बिन' ही फाइल आधी चालवायची. कार्ड बूटेबल आहे की नाही, हे त्याच्या बूट सेक्टरमधल्या, म्हणजे कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या भागातल्या, खुणेवरून ठरतं.

आता गिऱ्हाईक काय करतं? कार्ड कॉम्प्युटरला लावतं, ओळखीच्या नसलेल्या फाइली दिसल्या की 'हा काय कचरा' म्हणून उडवतं. फाइल गेली, पण कार्डावरची खूण आणि कॅमेऱ्यातला फ्लॅग दोन्ही जागेवर. कॅमेरा ती फाइल शोधत बसतो आणि तिथेच अडकतो. स्क्रीन काळी. खटका ऑफ-ऑन करूनही फरक पडत नाही, कारण तो खटका बॅटरीची लाइन तोडत नाही, प्रोसेसरला फक्त निरोप देतो. निरोप घेणाराच अडकलेला असेल तर काय होणार! अशा वेळी बॅटरीचा भाग हाताला कोमट लागला तर खूश व्हा. आत काहीतरी जागं आहे.

म्हणून टेबलावर आधी कार्ड काढा, मग बॅटरी. थोडा वेळ जाऊ द्या. चार्ज असल्याची खात्री असलेली, शक्यतो दुकानातली बॅटरी घाला आणि कार्डाशिवाय खटका ऑन करा. चालू झाला? मग दुकानातलं साधं, कधीही बूटेबल न केलेलं कार्ड घालून पाहा. असं एक कार्ड ड्रॉवरमध्ये कायम वेगळं ठेवा आणि ते कुणाला उसनं देऊ नका.

गिऱ्हाइकाच्या कार्डावरचे फोटो आधी कॉपी करून घ्या. लग्नाचे निघाले तर कॅमेऱ्यापेक्षा त्यांचीच किंमत जास्त. मग कार्ड फॉरमॅट करा. मात्र कॅमेऱ्यातला फ्लॅग तसाच राहिला तर दुसऱ्या बूटेबल कार्डाने हेच पुन्हा होऊ शकतं. त्याला मॅजिक लँटर्न नकोच असेल तर त्याच मॉडेलची आणि त्याच फर्मवेअर आवृत्तीची मॅजिक लँटर्नचीच इन्स्टॉल फाइल कार्डावर टाका, मेनूतलं फर्मवेअर अपडेट चालवा आणि स्क्रीनवरच्या सूचनेप्रमाणे फ्लॅग बंद करा. आवृत्ती जुळलीच पाहिजे: ५५०डीला १.०.९, ६००डीला १.०.२.

पॉवरशॉटवाले, म्हणजे कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांचे मालक, सीएचडीके हे तसंच बाहेरचं सॉफ्टवेअर टाकतात. तिथे कॅमेऱ्यात फ्लॅग नसतो. कार्ड बूटेबल असेल आणि त्याची बाजूची पट्टी लॉकवर असेल, तर कॅमेरा 'डिस्कबूट डॉट बिन' चालवतो. दुसऱ्या मॉडेलची किंवा आवृत्तीची फाइल असली की बटण दाबून काहीच होत नाही. पट्टी अनलॉक केली की काम झालं. एक खोडसाळ प्रकार मात्र लक्षात ठेवा. कधीकधी ती इवलीशी पट्टी तुटून पडलेली असते. मग सॉकेटच्या लेखी कार्ड कायम लॉकच. खाचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावा, कार्ड अनलॉक झाल्यासारखं वागेल.

कार्ड काढूनही मेलेलाच असेल, तर फर्मवेअरची गोष्ट बाजूला ठेवा आणि एरवी डेड कॅमेरा तपासतो तसा तपासा. एलपी-ई८ बॅटरी ७.२ व्होल्टची, पण पूर्ण चार्ज असताना मीटरवर ८.४च्या आसपास दिसते. बॅटरीच्या झाकणाजवळची स्विचची पिन दबते का पाहा. झाकण किंचित वाकलं असेल तर कॅमेऱ्याला ते उघडंच वाटतं, आणि दोष मात्र मॅजिक लँटर्नच्या माथी बसतो. यानंतरच बॉडी उघडायची. उघडलीत तर फ्लॅशचा कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामा करा. बॅटरी काढलेली असली तरी त्यात ३०० व्होल्टच्या घरात चार्ज राहू शकतो. शिकाऊ मुलांना बसणारा पहिला झटका बहुधा त्याचाच.

कंपनीचं अधिकृत अपडेट अर्ध्यावर असताना बॅटरी संपली, हे प्रकरण वेगळं. तिथे मूळ फर्मवेअरच अर्धवट लिहिलेलं असतं, कार्ड बदलून काही होत नाही. म्हणून कॅमेरा हातात घेतानाच विचारा: कंपनीचं अपडेट चालवलं होतं का, की कार्डावर बाहेरच्या फाइली टाकल्या होत्या? पहिलं असेल आणि साध्या तपासणीत काही निघालं नाही, तर गिऱ्हाइकाला सरळ अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवा, आणि बॉडी उघडली नसेल तर पावतीवर 'न उघडता परत' असं लिहून द्या.