जुन्या सन वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड: या चुका टाळा

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचं जुनं मशीन हाती आलं की लोक आधी विचारतात, सगळ्यांत भारी कार्ड कोणतं? आधी मशीन उघडून स्लॉट बघा. पैसे वाया जातात ते इथेच.

सनच्या जुन्या स्पार्कस्टेशन मशीनना एसबस हा सनचा स्वतःचा स्लॉट असतो. १९९५च्या अल्ट्रा १ पासून ग्राफिक्ससाठी वेगळा, यूपीए नावाचा स्लॉट आला, पण अल्ट्रा १ च्या साध्या १४० आणि १७० मॉडेलमध्ये तो नाही, १७०ई मध्ये आहे. १९९८च्या अल्ट्रा ५ आणि १० मध्ये पीसीआय, म्हणजे साध्या पीसीतलाच स्लॉट आहे. यूपीए कार्ड मात्र फक्त १० मध्ये बसतं. शिवाय यूपीए स्लॉटची क्रिएटर कार्डं दोन आकारांत येतात: अल्ट्रा १ आणि २ साठी आडवी, अल्ट्रा १०, ३०, ६० साठी उभी. नाव तेच, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. विकणाऱ्याकडून कनेक्टरचा आणि कार्डाच्या धातूच्या पट्टीचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेमरी जास्त म्हणजे रंग जास्त, असंही धरू नका. टर्बोजीएक्स प्लस या एसबस कार्डात ४ एमबी आहे, तरी ते ८ बिटांचंच, म्हणजे एका वेळी २५६ रंग. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या खिडकीवर क्लिक केलं आणि बाकीच्या स्क्रीनचे रंग एकदम भलतेच झाले, तर कार्ड बिघडलेलं नाही. त्या खिडकीने २५६ रंगांचा तक्ता स्वतःसाठी बदलून घेतलाय, एवढंच. २४ बिट हवे असतील आणि यूपीए स्लॉट असेल, तर क्रिएटर घ्या. त्रिमितीचं काम असेल तर क्रिएटर-थ्रीडीच हवं. साध्या क्रिएटरमध्ये डबल बफर (पुढचं चित्र पडद्याआड काढून ठेवणारी मेमरी) आणि झेड-बफर (कोणती वस्तू पुढे, कोणती मागे हे ठेवणारी मेमरी) नाहीत.

अल्ट्रा ५ आणि १० च्या पीजीएक्स-२४ या ग्राफिक्समध्ये १२८०×१०२४ वर २४ बिट का मिळत नाहीत, ते साध्या गुणाकारात कळतं. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ५२,४२,८८० बाइट लागतात आणि कार्डात आहेत ४१,९४,३०४. ११५२×९०० ला ४१,४७,२०० लागतात, जेमतेम मावतात. म्हणून आधी रिझोल्यूशन उतरवा, मग एम६४कॉन्फिग या कमांडने डेप्थ (दर पिक्सेलचे रंगाचे बिट) २४ करा.

पीसीचं पीसीआय कार्ड स्लॉटात बसतं, पण ओपनबूटला (मशीन सुरू करणाऱ्या सनच्या फर्मवेअरला) लागणारा एफकोड, म्हणजे कार्ड चालवायचा छोटा प्रोग्राम, त्याच्या रॉममध्ये नसतो. त्यामुळे सुरुवातीचा कन्सोल, म्हणजे मशीनचे संदेश दाखवणारा पडदा, त्यावर दिसतच नाही.

स्क्रीन काळी राहिली म्हणून लगेच कार्डाला दोष देऊ नका. आधी मॉनिटर जोडणारा अडॅप्टर तपासा. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स (दुसरी वर्कस्टेशन कंपनी) दोघांचाही मॉनिटरचा कनेक्टर १३डब्ल्यू३च, लाल-हिरवा-निळा जागच्या जागी, पण सिंकच्या, म्हणजे चित्राची वेळ जुळवणाऱ्या सिग्नलच्या, पिना वेगळ्या. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावला की सिंक पोचत नाही. शिवाय यावर सनचा सिंक सहसा कंपोझिट (आडवा-उभा एकाच तारेत) असतो आणि बरेच एलसीडी तो घेत नाहीत.

सिंक ठीक असूनही मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणत असेल, तर सनचा ७६ हर्ट्झचा रिफ्रेश रेट हे कारण असू शकतं. कित्येक एलसीडी ७५ च्या वर जात नाहीत. मशीन बंद करा, कीबोर्ड काढा, सिरियल पोर्ट ए ला नल-मोडेम केबलने दुसरा कॉम्प्युटर लावा (९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) आणि मशीन सुरू करा. कन्सोल सिरियलवर येईल. तिथे ओपनबूटच्या ओके प्रॉम्प्टवर आउटपुट-डिव्हाइस या सेटिंगमध्ये स्क्रीनचं मोड १०२४×७६८, ६० हर्ट्झ असं ठेवा, कीबोर्ड परत लावा आणि मशीन पुन्हा चालू करा. प्रत्येक वेळी हे सेटिंग पुसलं जात असेल, तर सेटिंग साठवणाऱ्या एनव्हीरॅम चिपमधली बॅटरी संपलेली आहे.