काढा घेतला, सर्दी गेली. पण घेतला नसता तर?
"काढा प्यायलो आणि तिसऱ्या दिवशी सर्दी पळाली." आमच्याकडे दर पावसाळ्यात हे वाक्य ऐकू येतं. असं कोणी सांगितलं की मान डोलावण्याआधी एवढंच विचारा: काढा घेतला नसता तर? साधी सर्दी बहुतेकांची ७ ते १० दिवसांत आपोआप जाते. आणि काढ्याची आठवण होते ती नाक पार चोंदल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी. तिथून पुढे उतारच असतो, श्रेय मात्र आलं-गवती चहाला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तशातला हा प्रकार. न्यायशास्त्रात (म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) याला चांगली चाळणी आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे परिणाम दिसतो का, आणि कारण नसेल तिथे तो दिसत नाही ना? आपण पहिल्यावरच थांबतो. काढा न घेता बरे झालेले शेजारी मोजायचे राहूनच जातात. तेव्हा पुढच्या वेळी कुठला 'रामबाण' उपाय कानावर आला, की तो न करणाऱ्या चौघांचीही चौकशी करा.

(काढा सोडा असं म्हणत नाहीये. घशाला शेक मिळतो, बरं वाटतं. पण तो दावा वेगळा.)