बाराचा पाढा आणि पहिली वीस मिनिटे

धावायला सुरुवात करणारे अनेक जण पहिल्या पंधरवड्यातच धावणे सोडून देतात, आणि त्यामागे पाय दुखण्यापेक्षा चारचौघांत धाप लागण्याची लाज अधिक असते. मीही त्यातलाच होतो. शाळेच्या मैदानावरील ४०० मीटरच्या फेरीत दुसऱ्या वळणावरच माझ्या बरगडीखाली कळ आली. गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो, तेवढ्यात कॅनव्हासचे बूट घातलेले एक आजोबा हात मागे बांधून चालत मला ओलांडून गेले. आपल्यात दमच नाही, असे समजून मी घरी परतलो. चुकला होता तो माझा वेग.

सुटणारी बस गाठण्यासाठी पळतो तेवढेच धावणे आपल्या अंगवळणी असते. त्या वेगात स्नायूंना जेवढा प्राणवायू लागतो तेवढा सराव नसलेले शरीर पुरवू शकत नाही, म्हणून मिनिटभरात छाती भरून येते. योग्य वेग ओळखण्यासाठी घड्याळाची गरज नाही. धावता धावता बाराचा पाढा मोठ्याने म्हणावा. ‘बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ एवढे एका दमात म्हणता आले तर वेग बरोबर आहे. ‘दुणे’पाशीच श्वास तुटला तर वेग कमी करावा, मग शेजारून चालणारा पुढे गेला तरी चालेल. सुरुवातीला हा वेग इतका मंद वाटतो की आपण धावतो आहोत यावर स्वतःचाच विश्वास बसत नाही, पण दमसास वाढतो तो याच वेगात.

आठवड्यातून तीन दिवस ठरवावेत आणि दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवावी. प्रत्येक वेळी आधी व नंतर पाच मिनिटे चालावे. पहिले दोन आठवडे एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा करावे. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात दोन मिनिटे धावून दोन मिनिटे चालावे, सहा वेळा. त्यानंतरचे दोन आठवडे पाच मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे, चार वेळा. मग दहा-दहा मिनिटांचे दोन टप्पे, मध्ये दोन मिनिटे चाल. आणि ते सहज जमू लागले की सलग वीस मिनिटे. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. चालण्यात कमीपणा मानू नये: साताऱ्याच्या हिल अर्धमॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना सराव असलेले धावकही चालताना दिसतात.

खरा धोका पाचव्या-सहाव्या आठवड्यात असतो. हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे वाढू लागते आणि त्यामुळे श्वासाचा त्रास काही आठवड्यांतच कमी होतो; हाडे आणि स्नायूबंध मात्र कणखर व्हायला कित्येक महिने घेतात. छाती ‘अजून धाव’ म्हणते आणि नडगी त्याची किंमत मोजते. दम शिल्लक आहे म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्त धावू नये. पोटऱ्यांचा जडपणा एक-दोन दिवसांत जातो, तो चालेल. पण नडगीवर बोट ठेवताच एकाच जागी तीव्र वेदना होत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि धावताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

बुटांविषयी थोडक्यात सांगायचे तर पुढे अंगठाभर जागा राहील असे घ्यावेत, आणि शक्य तो संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधीच बाहेर पडावे. कोकणपट्टीत दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून तिथे पहाटेही वेग उतरवावा लागतो.

आत्मविश्वासासाठी मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. तीत किलोमीटर लिहू नयेत, कारण किलोमीटर लिहिले की वेगाची तुलना आपोआप सुरू होते. तारीख, धावलेली मिनिटे आणि पाढा कुठपर्यंत म्हणता आला, एवढेच लिहावे. माझ्या वहीत पहिल्या दिवशी ‘८ मिनिटे, बारा दुणे’ अशी नोंद आहे आणि अकराव्या आठवड्यात ‘२० मिनिटे, पूर्ण पाढा’. मधल्या पावसाळी आठवड्यात दोन दिवस कोरेही आहेत. लोक पाहतील ही भीती वाटत असेल तर पहिला महिनाभर एकच मैदान आणि एकच वेळ ठेवावी. आठ-दहा दिवसांत तिथले नेहमीचे चेहरे मान डोलावू लागतात आणि परकेपणा जातो. रस्त्यावर कुत्री मागे लागली तर पळू नये, चालत पुढे जावे.

सलग वीस मिनिटे तीन वेळा जमली की पुढच्या प्रत्येक आठवड्यात केवळ एकाच दिवशी तीन मिनिटे वाढवावीत आणि उरलेले दोन दिवस वीस मिनिटांवरच ठेवावेत.